लायब्ररी बसवली, पण आर कुठाय?

दुपारी सगळ्या चाचण्या पास झाल्या होत्या. संध्याकाळी त्याच लॅपटॉपवर, त्याच कोडवर, पहिलीच चाचणी आडवी. पडद्यावर एवढंच: 'आर' ही कमांड सापडली नाही. खाली कुठल्या कुठल्या फोल्डरांत शोधलं त्याची लांबलचक यादी. मी मुकाट्यानं दुसरं टर्मिनल उघडलं, 'आर' टाइप केलं, एंटर मारलं. आर उघडलं की!

मधल्या वेळात बदललं होतं ते इतकंच, की संध्याकाळी मी तपासत होतो ती लायब्ररी (पर्ल या भाषेतून आरशी बोलायची सोय करणारा तयार कोड) एका 'स्वच्छ खोलीत' पॅकेज म्हणून बांधायला घातली होती. ही खोली काय भानगड असते ते पुढे येईलच. आधी मंडळींची ओळख करून घेऊ.

आर म्हणजे संख्याशास्त्रासाठी घडवलेली भाषा आणि ती भाषा समजणारा प्रोग्रॅम, दोन्हीचं नाव एकच. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या दोघांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ती लिहायला घेतली. दोघांच्याही नावाचं पहिलं अक्षर आर. शिवाय बेल लॅब्जमध्ये जॉन चेंबर्स आणि सहकाऱ्यांनी आधी केलेल्या भाषेचं नाव होतं 'एस', त्यामुळे एसच्या शेजारचं अक्षर अशीही कोटी त्यात आहे. १९९५ मध्ये आर मुक्त परवान्याखाली सगळ्यांना खुली झाली आणि १.०.० ही आवृत्ती निघाली २९ फेब्रुवारी २००० ला. एका अक्षराचं नाव ठेवणाऱ्यांनी पुढे इंटरनेटवर शोधणाऱ्यांचे किती हाल होतील याचा विचार केला नव्हता, हे उघड आहे.

आर हा इंटरप्रिटर आहे. म्हणजे तुम्ही एक ओळ द्यायची, तो ती वाचून लगेच करून टाकतो, उत्तर छापतो आणि पुढच्या ओळीची वाट बघत बसतो. समोर माणूस बसलाय असं गृहीत धरून त्याचा सगळा थाट असतो.

दुसरी बाजू पर्लची. लॅरी वॉल यांनी १९८७ मध्ये काढलेली ही स्क्रिप्टिंगची भाषा मजकूर चिरायला, निवडायला, गाळायला अजूनही झकास आहे. जनुकांच्या भल्यामोठ्या फायली फोडण्याचं काम संशोधकांनी वर्षानुवर्षं पर्लमध्ये केलं. फायलीतून आकडे तर निघाले, पण पुढे त्यांची सरासरी, प्रतीपगमन (एका आकड्यावरून दुसऱ्याचा अंदाज), आलेख हे सगळं करायला पर्ल कशाला शिणवायचा? तयार बसलेल्या आरला सांगावं. ही सांगण्याची सोय म्हणजे 'स्टॅटिस्टिक्स::आर' नावाची पर्लची लायब्ररी. ती स्वतः एकही गणित करत नाही. ती दुभाष्या आहे. पर्लचं बोलणं आरला सांगायचं आणि आरचं उत्तर पर्लला आणून द्यायचं, बस.

ऐकायला हे सोपं वाटतं. लायब्ररी पडद्यामागे आर सुरू करते आणि त्याला दोन पाइप जोडते: एकातून आपल्या ओळी आत जातात, दुसऱ्यातून उत्तरं बाहेर येतात. पर्लमध्ये माझ्याकडे १२, १५, ९ असे तीन आकडे आहेत. लायब्ररी त्यांची 'एक्स <- सी(१२, १५, ९)' अशी आरच्या व्याकरणातली ओळ बनवते आणि पाइपात सोडते. मग 'मीन(एक्स)' असं विचारते. पलीकडून '[१] १२' येतं. लायब्ररी पुढचं कंसातलं '[१]' सोलून टाकते आणि १२ माझ्या हातात ठेवते. आरला कल्पनाही नसते की समोर माणूस नाही.

पण समोर माणूस नसला की आर जरा विक्षिप्तपणे वागतो. पहिली गोष्ट, तो सुरूच होत नाही. बाहेर पडताना काम जपून ठेवायचं की नाही हे आधीच सांगा, नाहीतर मी चाललो, असं म्हणून दार लावतो. म्हणून त्याला 'व्हॅनिला' हा पर्याय देऊन उठवायचं. त्याचा अर्थ, काही जपून ठेवू नकोस आणि या मशीनच्या मालकानं स्वतःसाठी करून ठेवलेल्या सेटिंग्जच्या फायलीही वाचू नकोस. दुसरी गोष्ट, चूक झाली की माणसासमोर तो नुसती चूक दाखवतो आणि पुढची ओळ मागतो. पाइपासमोर मात्र 'काम थांबवलं' म्हणून कायमचा निघून जातो. मग प्रत्येक आज्ञा झेलजाळीत गुंडाळून पाठवावी लागते. आरमध्ये त्यासाठी 'ट्रायकॅच' आहे.

खरी गंमत तिसऱ्या गोष्टीत आहे. उत्तर संपलं हे कसं कळायचं? माणसाला डोळ्यांनी दिसतं, की आकडे छापून झाले आणि खाली पुन्हा '>' ही खूण आली. पाइपाच्या टोकाला बसलेल्या लायब्ररीला नुसती अक्षरं येताना दिसतात. दोन सेकंद काहीच आलं नाही, तर उत्तर संपलं का, की आर अजून विचार करतोय? मोठं गणित असेल तर तो दहा मिनिटंही गप्प बसू शकतो. यावरचा उपाय पोलिसांच्या वायरलेससारखा आहे. तिथं प्रत्येक जण बोलणं संपलं की 'ओव्हर' म्हणतो. लायब्ररी आपल्या प्रत्येक आज्ञेच्या शेपटीला आणखी एक ओळ जोडते: हे झालं की अमुक एक खूण छाप. आणि मग ती खूण दिसेपर्यंत वाचत राहते. खूण अशी निवडायची, की खऱ्या उत्तरात ती सहसा येणार नाही. कुणी मुद्दाम तीच खूण छापली तर? तर संवाद बिघडणार. ही युक्ती भाबडी आहे, पण चालते, आणि दोन प्रोग्रॅम पाइपातून बोलतात तिथं तिथं ती कुठल्या ना कुठल्या रूपात सापडतेच.

एक दोष मात्र ज्यानं त्यानं लक्षात ठेवायलाच हवा. लायब्ररी आरची स्मृती वाचत नाही, आरनं छापलेलं वाचते. आणि आर छापताना, वेगळं सांगितलं नाही तर, सात महत्त्वाचे अंक पुरेत असं मानतो. १२३४५६.७८ रुपये ही रक्कम आरमध्ये पैशापर्यंत बरोबर असते, पण छापली की १२३४५६.८ दिसते. पर्लकडे पोचते ती हीच छापील रक्कम. दोन पैशांचा फरक एका ओळीत कुणी बघत नाही. वर्षभराच्या बेरजेत मात्र हिशेबनीस विचारतोच. अंकांची मर्यादा आधी वाढवून घेतली की प्रश्न मिटतो. पण तो आहे हे माहीत असायला हवं ना.

आता पॅकेजकडे येऊ.

लायब्ररी म्हणजे लेखकानं लिहिलेल्या फायली. त्या इंटरनेटवर कुठेतरी पडलेल्या असतात. पर्लवाल्यांसाठी १९९५ पासून 'सीपॅन' हे सामायिक कोठार आहे, तिथं स्टॅटिस्टिक्स::आरही आहे. मग पुन्हा पॅकेज, म्हणजे एका आज्ञेत बसणारं गाठोडं, कशाला? कारण सीपॅन फक्त पर्लचं बघतं. सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाला एकाच आज्ञेत लायब्ररी बसायला हवी असते, तिला लागणारं सगळं आपोआप यायला हवं असतं, सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळायला हव्या असतात आणि नको झाली की मागे कचरा न ठेवता ती निघायला हवी असते. हे काम वितरण करतं, म्हणजे लिनक्स आणि त्यावरचे प्रोग्रॅम एकत्र करून देणारा संच. मी इथं डेबियन धरलंय. इयान मर्डॉक यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये सुरू केलेलं हे वितरण. नाव त्यांच्या मैत्रिणीचं, डेब्राचं, आणि स्वतःचं जोडून केलेलं. उबुंटू याच मुळाची फांदी.

डेबियनमध्ये स्टॅटिस्टिक्स::आरचं पॅकेज तयारच आहे आणि त्यात माझं काडीचंही श्रेय नाही. मी फक्त शिकण्यासाठी तेच घरी पहिल्यापासून बांधून बघत होतो. कुणाचा तरी जुना स्वेटर उसवून टाके कसे घातलेत ते बघावं, तसं.

नाव ठरवण्यात डोकं चालवायचं नसतं. पर्लच्या लायब्ररीला पुढे 'लिब', मागे 'पर्ल', मधल्या जोडविसर्गांच्या जागी आडवी रेघ. झालं: 'लिबस्टॅटिस्टिक्स-आर-पर्ल'. आरच्या बाजूची पॅकेजं वेगळ्या घराण्यातली. आरच्या स्वतःच्या कोठारातून, म्हणजे क्रॅनमधून आलेल्यांची नावं 'आर-क्रॅन'नं सुरू होतात. आपला दुभाष्या पर्लच्या घरचा, हे नावावरूनच कळतं.

पॅकेज बांधणं म्हणजे मूळ कोडशेजारी 'डेबियन' नावाचं फोल्डर करून त्यात चार कागद ठेवणं. एकात बदलांची नोंद. एकात हक्क आणि परवाने. एकात बांधायची कृती, जी आजकाल तीन ओळींत भागते, कारण नेहमीची सगळी पावलं डेबहेल्पर नावाच्या अवजारांना पाठ आहेत. आणि चौथा, 'कंट्रोल' नावाचा, सगळ्यांचा बाप. त्यात लिहायचं: हे काय आहे, बांधताना काय लागतं, चालवताना काय लागतं.

पर्लच्या लायब्ररीसाठी हे फोल्डर बनवून देणारं एक अवजारही आहे. ते लायब्ररीच्या लेखकानं दिलेली गरजांची यादी वाचतं आणि कंट्रोल भरून देतं. माझ्यासाठी त्यानं झटक्यात भरूनही दिलं: पाइप जोडायला 'आयपीसी::रन', छापलेल्या उत्तरातून हवं ते वेचायला 'रेजेक्स्प::कॉमन', वगैरे. मी खूश. चाचण्या चालवल्या, पास झाल्या. दुपार म्हणतात ती हीच.

त्या यादीत आर नव्हता.

अवजाराची चूक म्हणावी तर नाही. त्या यादीत पर्लच्या मॉड्यूल्सनाच, म्हणजे पर्लच्या लायब्रऱ्यांनाच, जागा असते. आर हे पर्लचं मॉड्यूल नाही, तो सीपॅनवर नाही, त्याला तिथं रकानाच नाही. लेखकानं माहितीच्या पानावर साध्या वाक्यात लिहिलेलं असतं, की हे चालायला आर बसवलेला हवा. पण वाक्य माणूस वाचतो, अवजार वाचत नाही. आणि माझ्या लॅपटॉपवर आर दोन वर्षांपासून होता, त्यामुळे मीही वाचलं नाही.

म्हणून ती स्वच्छ खोली. डेबियनमध्ये पॅकेज स्वतःच्या मशीनवर उघड्यावर बांधून पुढे पाठवत नाहीत. मशीनच्या आत एक रिकामं, छोटंसं डेबियन उभारतात. त्यात बांधकामाची किमान हत्यारं आणि कंट्रोलमध्ये लिहिलेल्या गोष्टी, याखेरीज काही नसतं. बांधताना इंटरनेटवरून काही आणायचं नाही असा दंडकच आहे. नव्या भाड्याच्या घरात राहायला गेल्यावर कळतं ना, की पक्कड आपली नव्हतीच, ती कायम शेजारच्या काकांकडून आणायचो. तसंच. संध्याकाळची ती ओळ म्हणजे काकांची पक्कड होती.

दुरुस्ती एका शब्दाची: 'बांधताना काय लागतं' या रकान्यात 'आर-बेस-कोअर' लिहायचं. लिहिलं, पुन्हा बांधलं, चाचण्या पास. इथं हात झटकून उठायचा मोह होतो, आणि खरा खड्डा इथंच आहे. कारण रकाने दोन आहेत. बांधताना लागतं ते वेगळं, चालवताना लागतं ते वेगळं. पहिल्यात आर लिहिला आणि दुसऱ्यात विसरलो, तर खोलीत सगळं हिरवंगार दिसेल, पॅकेज डौलात बाहेर पडेल आणि कुणाच्या तरी सर्व्हरवर आरशिवाय जाऊन बसेल. दुभाष्या हजर, पण ज्यांच्याशी बोलायचं ते शेठच गावात नाहीत. पहिली चूक बांधणाऱ्याला सापडते. दुसरी वापरणाऱ्याला सापडते, तीही बहुधा रात्री ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये. एका ठिकाणी मी असंच घरगुती पॅकेज पाहिलंय, चाचण्या बंद करून बांधलेलं. सकाळी अहवाल आला होता, सरासरीचा रकाना फक्त कोरा. कोरा रकाना चुकीच्या आकड्यापेक्षा परवडला म्हणायचं.

दुसऱ्या रकान्यात लिहायचं तरी काय, यावरही थोडा खल होतो. डेबियनमध्ये 'आर-बेस' नावाचं पॅकेज आहे, जे स्वतः जवळपास रिकामं असतं आणि आरबरोबर शिफारस केलेल्या पॅकेजांचा अख्खा संच ओढून आणतं. बसून विश्लेषण करणाऱ्या माणसाला ते बरोबर आहे. पण आपल्या दुभाष्याला लागतो तो फक्त चालणारा आर, म्हणजे 'आर-बेस-कोअर'. जास्त मागितलं, तर लोकांच्या मशीनवर विनाकारण ओझं. आणि सक्तीची गरज म्हणायचं की नुसती शिफारस? काही जण म्हणतात, लायब्ररीला कुणी स्वतः बांधलेल्या आरकडेही वळवू शकतं, मग सक्ती कशाला. माझं मत स्पष्ट आहे: ज्याच्याशिवाय लायब्ररी एकही काम करू शकत नाही, ती सक्तीचीच गरज. स्वतः आर बांधणारा माणूस आपलं बघून घ्यायला समर्थ असतो.

हक्कांच्या कागदाबद्दल थोडक्यात. स्टॅटिस्टिक्स::आर पर्लच्याच अटींवर मिळते, आर जीपीएल परवान्यावर; दोन्ही मुक्त, आणि दोघं पाइपाच्या अलीकडे-पलीकडे आहेत, त्यामुळे भांडण नाही. पण पॅकेज करणाऱ्यानं प्रत्येक फाइल उघडून बघायची असते. पर्लच्या जुन्या गाठोड्यांत कधी कधी तिसऱ्याच कुणाची बांधकामाची फाइल कोंबलेली असते, तिचाही हक्कदार लिहावा लागतो. नवं पॅकेज डेबियनमध्ये येताना एका रांगेत थांबतं आणि तिथली माणसं हाच कागद आधी तपासतात. कंटाळवाणं काम आहे. टाळलं की परत येतं.

दुसऱ्या पंथाचाही उल्लेख करायला हवा. पायथनमध्ये 'आरपायटू' नावाची लायब्ररी आहे. ती पाइपाच्या फंदात पडत नाही. आरचं इंजिनच पायथनच्या प्रक्रियेत आत घेते आणि आकडे थेट स्मृतीतून उचलते. सात अंकांची अडचण नाही, 'ओव्हर' म्हणायची गरज नाही. पण आत घेतलेला पाहुणा कोसळला तर घरही कोसळतं. आणि पॅकेज करणाऱ्याला वेगळीच कटकट: स्टॅटिस्टिक्स::आर शुद्ध पर्ल असल्यामुळे एकदा बांधली की इंटेलवर चालते आणि एआरएमवरही चालते, कंट्रोलमध्ये 'सर्वांसाठी' असं लिहून मोकळं व्हायचं. आरपायटूचा काही भाग मात्र प्रत्येक प्रकारच्या प्रोसेसरसाठी वेगळा कंपाइल करावा लागतो आणि आरच्या अंतर्गत रचनेत फरक पडला तर पुन्हा करावा लागतो. पाइपवाली पद्धत संथ आणि गावठी खरी, पण तिचं पॅकेज सांभाळायला हलकं.

हलकं म्हणजे बिनधास्त नव्हे. एप्रिल २०२० मध्ये आर ४.०.० आला तेव्हा आरला मुकाट चालवणाऱ्या जुन्या पर्यायाचं, 'स्लेव्ह'चं, नाव बदलून 'नो-एको' झालं. जुनं नाव अजून चालतं, म्हणून कुणाचं काही अडलं नाही. उद्या बंद झालं तर? असं काही झाल्याचं पॅकेजवाल्याला वर्तमानपत्रातून कळत नाही. त्यासाठी पॅकेजसोबत आणखी एक चाचणी ठेवता येते, जी बांधताना नाही, तर बसवल्यानंतर चालते. डेबियनची यंत्रं ती स्वतः चालवतात, आणि आरची नवी आवृत्ती आली की आरवर अवलंबून असलेल्यांच्या अशा चाचण्याही पुन्हा चालवतात. एखादी नव्यानं पडली, तर नव्या आरलाच पुढच्या शाखेत जाण्यापासून अडवलं जातं. एवढासा दुभाष्या, पण शेठना उंबऱ्यावर उभं करू शकतो.

माझी चाचणी छोटी आहे. आर सुरू कर, १२, १५, ९ पाठव, सरासरी विचार, १२ येतंय का बघ. ती पास होते. मग आगाऊपणा करून मी दुसरी लिहिली: 'नाशिक' पाठव आणि 'नाशिक'च परत येतंय का बघ. माझ्या लॅपटॉपवर पास. स्वच्छ खोलीत मात्र 'न'च्या जागी '\३४०\२४४\२५०' आलं, आणि पुढेही तसलीच रांग. 'न' हे अक्षर यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन बाइटचं असतं; खोलीतलं लोकेल, म्हणजे भाषा-लिपीची सेटिंग, होतं 'सी', ज्याला इंग्रजीपलीकडचं अक्षर ठाऊकच नाही, म्हणून आरनं तिन्ही बाइट अष्टमान आकड्यांत छापून दिले आणि लायब्ररीनं छापलेलं इमानेइतबारे वाचलं. म्हणजे काकांची आणखी एक पक्कड. चाचणीच्या आधी लोकेल 'सी.यूटीएफ-८' ठेवायचं, अशी एक ओळ आता लिहायची आहे. खोली पुन्हा उभारायला घातलीय, तोवर चहा.